अलीपियसचे डोळे

चौथ्या शतकात कायद्याचं शिक्षण घ्यायला रोमला आलेला अलीपियस नावाचा एक तरुण होता. ग्लॅडिएटरांच्या झुंजींचा त्याला मनापासून तिटकारा. एकदा जेवून परतणाऱ्या मित्रांनी त्याला रस्त्यात गाठलं आणि थट्टामस्करी करत, पण जोर लावून, रिंगणाकडे ओढत नेलं. तो त्यांना म्हणाला, माझं शरीर तुम्ही तिथे नेऊन बसवाल, पण माझं मन आणि माझे डोळे कसे वळवाल? आणि खरोखरच तो डोळे घट्ट मिटून बसला. मग झुंजीत कुणीतरी कोसळलं, सगळ्या रिंगणातून एकच आरोळी उठली आणि त्याला राहवलं नाही. काहीही दिसलं तरी आपण ते तुच्छच मानू, या खात्रीनं त्यानं डोळे उघडले. समोर रक्त होतं. नजर तिथेच खिळली. तो पाहत राहिला, ओरडू लागला, पेटला, आणि घरी जाताना पुन्हा येण्याची ओढ सोबत घेऊन गेला. पुढे पुढे तर तोच इतरांना ओढून नेऊ लागला.

ही गोष्ट त्याचा जिवलग मित्र संत ऑगस्टीन ‘कन्फेशन्स’ या आपल्या आत्मकथनाच्या सहाव्या भागात सांगतो. खाली पडलेल्या माणसाच्या देहाला झाली त्याहून खोल जखम अलीपियसच्या आत्म्याला झाली, असं तो लिहितो. कारणही देतो. अलीपियस देवावर विसंबायचं सोडून स्वतःवर विसंबला होता.

पॉर्नोग्राफीबद्दल कॅथलिक परंपरा काय सांगते असं कुणी विचारलं, तर मी ही गोष्ट आधी सांगतो. तिच्यात लैंगिक असं काहीच नाही, पण बाकी सगळं आहे. पाहणाऱ्याला चेतवण्यासाठीच मांडलेलं दृश्य, त्यासाठी वापरला गेलेला खऱ्या माणसाचा देह, त्यावर चालणारा धंदा, आणि ‘मी ठरवलं आहे ना, मग मला काही होणार नाही’ असं म्हणणारा एक सज्जन, निश्चयी मुलगा.

गेली बरीच वर्षं मी आणि माझी पत्नी मिळून लग्न ठरलेल्या कॅथलिक जोडप्यांच्या तयारीवर्गात बोलतो. शुचितेवरचं, म्हणजे लैंगिक संयमावरचं, सत्र संपलं की बहुतेक जण घाईनं बाहेर पडतात. एखादा मात्र रेंगाळतो. खोली रिकामी झाल्यावर तो जे बोलतो त्यातलं पहिलं वाक्य जवळजवळ नेहमी तेच असतं: ‘हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.’ हे वाक्य मुलांकडून अधिक वेळा ऐकलं आहे, पण मुलींकडूनही ऐकलं आहे. मुली तर जास्तच कोंडलेल्या असतात, कारण हा फक्त पुरुषांचा प्रश्न आहे असं सगळे धरून चालतात. पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर 2022 मध्ये रोममध्ये शिकणाऱ्या गुरुविद्यार्थ्यांशी आणि धर्मगुरूंशी बोलताना हे स्पष्टच सांगितलं होतं. हे व्यसन कितीतरी प्रापंचिक पुरुषांना आहे, स्त्रियांना आहे, आणि धर्मगुरूंना व धर्मभगिनींनाही आहे. मला त्या बोलण्याचं मोल वाटतं. ज्यांच्याबद्दल कुणी असं बोलायला धजत नाही त्यांचीही नावं त्यांनी घेतली, आणि बाकीच्यांच्या मानेवरचं ओझं थोडं हलकं केलं.

त्या पहिल्या वाक्यानंतर येते ती निश्चयांची कहाणी. उपवासकाळ सुरू होताना केलेला निश्चय, वाढदिवसाला केलेला, साखरपुड्याच्या आदल्या दिवशी केलेला. प्रत्येक निश्चय प्रामाणिक आणि प्रत्येक एकट्यानं, मनातल्या मनात केलेला. ख्रिस्तसभा या विषयात फक्त ‘नको’ म्हणते, असं या मुलांनी ऐकलेलं असतं. ती ‘नको’ म्हणते हे खरंच आहे, आणि ते मला पूर्ण मान्य आहे. पण हे एकट्यानं करायचं नाही, हे तिनं दीड हजार वर्षांहून अधिक काळ तितक्याच ठामपणे सांगितलं आहे, आणि ते मात्र त्यांच्या कानापर्यंत पोचलेलंच नसतं.

आधी ‘नको’ का, ते पाहू. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथाच्या 2354व्या परिच्छेदात ते अगदी थोडक्यात आहे. दोघांच्या एकांतातली गोष्ट तिथून उचलून मुद्दाम तिसऱ्यापुढे मांडली जाते. नवरा-बायकोंनी एकमेकांना स्वतःचं दान द्यावं, त्या दानाचा तिथे विपर्यास होतो. अभिनय करणारे, विकणारे आणि पाहणारे या सगळ्यांच्या प्रतिष्ठेला जबर इजा होते, कारण प्रत्येक जण दुसऱ्याच्या सुखाची किंवा नफ्याची वस्तू बनतो. आणि शेवटी, सगळेच एका खोट्या जगात बुडतात. या यादीत शरीर घाणेरडं आहे असं कुठेही म्हटलेलं नाही.

हे सांगावं लागतं, कारण शरीराची लाज म्हणजेच शुचिता, असा समज चर्चमध्येही मूळ धरून बसला आहे. सिस्टीन चॅपेलमधल्या मायकेलअँजेलोच्या ‘अंतिम न्याया’वर 1564 नंतर दानिएले दा व्होल्तेर्रा या चित्रकाराकडून वस्त्रं रंगवून घेतली गेली, कारण ती उघडी शरीरं लोकांना खुपत होती. चार शतकांनी त्या भिंतीची साफसफाई झाली, तेव्हा त्यातली काही झाकणं काढून टाकली गेली. एप्रिल 1994 मध्ये तिथे मिस्सा अर्पण करताना पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या जागेला मानवी देहाच्या ईशज्ञानाचं पवित्रस्थान म्हटलं. ते हे सहज बोलून गेले नव्हते. सप्टेंबर 1979 ते नोव्हेंबर 1984 या काळात बुधवारच्या जाहीर भेटींमध्ये त्यांनी देहाविषयी 129 प्रवचनं दिली होती. त्यातली काही, 1981 च्या वसंतातली, नेमक्या याच प्रश्नावर आहेत: कलेतलं नग्न शरीर आणि पॉर्नोग्राफी यांत फरक कुठे पडतो? त्यांचं उत्तर कपड्यांच्या मापात नाही. समोरच्या देहात एक व्यक्ती दिसते की केवळ उपभोगाचा विषय दिसतो, यावर ते बोट ठेवतात. पोप होण्याच्या कितीतरी आधी, 1960 च्या ‘प्रेम आणि जबाबदारी’ या ग्रंथात त्यांनी प्रेमासमोर उलट बाजूला द्वेष ठेवला नव्हता, ‘वापर’ ठेवला होता. माणसाचा वापर करता येत नाही, त्याच्यावर फक्त प्रेम करता येतं. वर्गात या वाक्यापाशी मी थोडा वेळ थांबतो. ज्यांना पाप या शब्दाची सवय होऊन गेली आहे त्यांनाही ते लागतं.

ज्याच्याकडे पाहिलं जातं त्याची बाजू कॅथलिक बायबलमध्ये एका संपूर्ण अध्यायात आली आहे, दानीएलच्या 13व्या अध्यायात. सुसान्ना रोज दुपारी नवऱ्याच्या बागेत फेरफटका मारते. न्यायाधीश नेमलेले दोन वडीलधारे रोज तिला चोरून पाहतात. दोघंही मनातली गोष्ट एकमेकांपासून लपवतात. ‘स्वर्गाकडे दृष्टी जाऊ नये म्हणून त्यांनी आपले डोळे वळवले,’ अशा अर्थाचं वाक्य तिथे आहे. मला ते फार भयंकर वाटतं, कारण अजून काहीच ‘घडलेलं’ नाही. फक्त पाहणं चालू आहे, रोजचं, गुपचूप. पुढे धमकी येते, खोटा आळ येतो, मृत्युदंड येतो, पण सगळ्याचं बीज त्या रोजच्या पाहण्यात आहे. आणि मग ती मोठ्यानं ओरडते. आतापर्यंत जी दृश्य होती, तिला आवाज असतो, आईबाप असतात, मुलं असतात, देवाशी बोलायचे शब्द असतात.

पडद्यावरच्या माणसाला यातलं काहीच नसतं. ती व्यक्ती तिथे स्वखुशीनं आहे, की कर्जापायी, की कुणाच्या धाकानं, की ती अजून सज्ञानही नाही, हे पाहणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. एका वयस्क धर्मगुरूंनी मला फार पूर्वी सांगितलं होतं की, एखादं चित्र मनातून जात नसेल तर त्याच्याशी झुंजत बसू नये, त्या व्यक्तीसाठी प्रार्थना करावी. तिच्या आईसाठी करावी. हा उपाय मी अनेकांना सांगितला आहे. तो जादूसारखा लागू पडत नाही. पण जिच्यासाठी नमो मारिया ही मरियेची प्रार्थना म्हटली तिला पुन्हा वस्तू म्हणून पाहणं अवघड जातं, असं मला परत येऊन सांगणारे बरेच भेटले.

आता तो मोह येतो कधी, ते पाहू, कारण इथे जुन्या लोकांचं निरीक्षण थक्क करणारं आहे. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाचा 11वा अध्याय सुरू होतो तो ‘राजे लढाईवर जातात त्या दिवसांत’ या शब्दांनी. सैन्य गेलं आहे, राजा दावीद यरुशलेमातच राहिला आहे. संध्याकाळच्या सुमाराला तो बिछान्यावरून उठतो आणि गच्चीवर फिरू लागतो. अंघोळ करणारी बथशेबा, दुसऱ्याची बायको, दिसते ती यानंतर. म्हणजे पडझड तिच्यापासून सुरू होत नाही. ती सुरू होते रिकाम्या दुपारपासून, आपल्या जागी नसलेल्या माणसापासून. इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या संन्याशांनी हाच धागा पकडला. चौथ्या शतकात एवाग्रियुसनं माणसाला घेरणाऱ्या आठ विचारांची मांडणी केली. त्यात कामवासना आहे, तशीच उदासी आहे, आणि भरदुपारी येणारा तो जडपणाही आहे, ज्यात दिवस सरत नाही, काम नको होतं, जागा नको होते, माणसं नको होतात. त्याचा वारसा पश्चिमेला नेणारा कॅसियन सांगतो की नुसत्या उपवासानं देह ताब्यात येत नाही. पश्चात्ताप, प्रार्थना, शास्त्राचं मनन आणि हातांनी केलेलं काम यांची जोड लागते.

आणि संत थॉमस अक्वायनस तर एक वाक्य असं लिहून गेले आहेत की ते प्रत्येक तयारीवर्गाच्या भिंतीवर लावावं: आनंदाशिवाय कुणालाही फार काळ जगता येत नाही, म्हणून ज्याला आत्म्याचा आनंद मिळत नाही तो देहाच्या सुखांकडे वळतो. दुःखावर उतारे काय, याचीही त्यांनी नोंद केली आहे. रडणं, मित्रांची सहानुभूती, सत्याचं चिंतन, झोप आणि स्नान. तेराव्या शतकातला एवढा मोठा तत्त्वज्ञ, आणि तो सांगतो की रडून घे, मित्राकडे जा, अंघोळ कर, झोप. देहाला शत्रू मानणारा माणूस असं लिहू शकत नाही.

म्हणून रेंगाळणाऱ्या त्या मुलाला मी ‘रात्री काय झालं’ हे विचारत नाही. संध्याकाळी काय झालं ते विचारतो. कामावर अपमान झाला होता? घरी कुणी नव्हतं? परीक्षेचा निकाल? होणाऱ्या बायकोशी भांडण? बहुतेक वेळा तो जरा गोंधळतो, मग आठवू लागतो, आणि आठवता आठवता त्याच्याच लक्षात येतं की त्याला पाहिजे होतं ते दुसरंच काहीतरी होतं.

साधनांबद्दल फार लिहायची गरज नाही. झोपायच्या खोलीत मोबाईल नको, फिल्टर बसवावा, एखाद्या विश्वासू माणसाला आपण काय पाहतो हे दिसेल अशी सोय करावी. रोमकरांस पत्रात संत पौलानं देहवासनांसाठी तरतूद करू नका असं म्हटलं आहे, ते हेच. बायबलमधला योसेफ त्याला मोहात पाडणाऱ्या पोटीफराच्या बायकोशी वाद घालत बसला नाही, वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला. संत फिलिप नेरी सांगत की या एका लढाईत पळणारेच जिंकतात. पळणं आधी जमत नाही, सरावानं जमतं.

पण साधनं कितीही चांगली असली तरी गुपित शाबूत असेपर्यंत ती टिकत नाहीत. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोला यांनी ‘आध्यात्मिक साधने’त, 326व्या परिच्छेदातल्या नियमात, मोह घालणाऱ्या शत्रूची तुलना चोरट्या प्रियकराशी केली आहे. एखाद्या चांगल्या घरातल्या मुलीला फूस लावणाऱ्याला सगळ्यात मोठी भीती असते ती तिनं बापाला सांगण्याची. सांगितलं की त्याचा डाव संपला. म्हणून तो पहिल्यापासून एकच गोष्ट मागतो: कुणाला बोलू नकोस. चाळीस मिनिटं घाम पुसत बोललेल्या माणसाच्या चेहऱ्यावर शेवटी जो सैलपणा येतो, तो पाहिल्यावर हा नियम किती अनुभवातून आला आहे ते पटतं.

प्रायश्चित्त संस्कार, म्हणजे धर्मगुरूपुढचं पापनिवेदन, यासाठीच आहे, आणि त्याची रचना मला आजही विलक्षण वाटते. समोर एक माणूस आहे, ज्यानं ऐकलेलं कुठेही, कुणालाही, स्वतःचा जीव वाचवण्यासाठीसुद्धा सांगायचं नाही. मोडलं तर ख्रिस्तसभेतून तत्काळ बहिष्कार. इतकी सुरक्षित जागा जगात दुसरी असेल असं मला वाटत नाही. तरी लोक तिथे जायला घाबरतात, आणि कधीकधी त्याला कारण असतं ते ऐकणाऱ्याचा सूर. कॅसियन एका तरुण संन्याशाची हकिगत सांगतो. वासनेच्या विचारांनी गांजलेला तो एका वृद्ध गुरूकडे गेला. गुरूनं त्याची निर्भर्त्सना केली आणि संन्याशाच्या नावालाही तू लायक नाहीस, असं सुनावलं. तरुण खचला, मठ सोडून निघाला. वाटेत अब्बा अपोल्लो नावाचे दुसरे वृद्ध संन्यासी भेटले. त्यांनी त्याला बसवलं आणि सांगितलं, अरे, या वयातसुद्धा मला हे विचार छळतात. तू फक्त आज परत जा, एक दिवस थांब. मग ते त्या कठोर गुरूच्या खोलीबाहेर उभे राहिले आणि त्यांनी प्रार्थना केली की या तरुणाचा मोह या म्हाताऱ्याकडे जावो, म्हणजे दुबळ्यांचं दुःख काय असतं ते त्याला कळेल. तसंच झालं. पापनिवेदन ऐकणाऱ्या प्रत्येक फादरनी ही हकिगत वर्षातून एकदा वाचावी, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

अलीपियसचंही पुढे असंच झालं. 386 साली मिलानमधल्या बागेत ऑगस्टीन रडत होता, तेव्हा तो तिथेच होता. ऑगस्टीननं पौलाच्या पत्रातलं ते ‘तरतूद करू नका’चं वचन वाचलं, पुस्तक मिटलं आणि त्याला दाखवलं. अलीपियसनं पुढची ओळ वाचली: ‘जो विश्वासाने दुर्बळ आहे त्याला जवळ करा.’ हे माझ्यासाठी आहे, तो म्हणाला. 387 च्या ईस्टरला संत अँब्रोज यांच्या हातून दोघांचा बाप्तिस्मा एकत्र झाला. डोळे मिटून एकटा बसलेला माणूस हरला होता. मित्राच्या शेजारी बसून वाचणारा सावरला. पुढे याच गोष्टीला बंधुसंघांचं रूपही मिळालं. 1649 साली लूव्हेन इथे डॉमिनिकन व्रतस्थांनी संत थॉमस यांच्या नावानं एक संघ सुरू केला. त्याचे सदस्य पंधरा गाठींची दोरी किंवा पदक अंगावर घालतात, रोज पंधरा नमो मारिया म्हणतात, आणि स्वतःसाठी व इतर सदस्यांसाठी शुचिता मागतात. तो संघ आजही चालू आहे. ज्यांची ओळखही नाही असे कुणीतरी आज आपल्यासाठी प्रार्थना करून झोपणार आहेत, हे माहीत असणं ही लहान गोष्ट नाही.

एक बाजू मात्र सांभाळून सांगायला हवी. अपराधभावना स्वतःच आजार होऊ शकते. इग्नातींनी 1522 मध्ये स्पेनमधल्या मानरेसात ते भोगलं. सांगितलेली पापं पुन्हा पुन्हा आठवून, काही राहिलं तर नाही ना या शंकेनं ते आत्महत्येच्या विचारापर्यंत गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात अनिवार लैंगिक वर्तनाचा विकार नोंदलेला आहे, आणि तिथे मुद्दाम म्हटलं आहे की केवळ नैतिक नापसंतीतून येणारा त्रास हा या निदानाला पुरेसा नाही. कॅथलिक वाचकानं हे दोन्ही अंगांनी समजून घ्यावं. एकदा पाय घसरला म्हणून आपण व्यसनी ठरत नाही. आणि खरंच आयुष्य हातातून निसटत असेल, नोकरी, झोप, संसार बुडत असेल, तर पापनिवेदनासोबत मानसोपचारही घ्यावा, त्यात विश्वास कमी पडल्याची खूण नाही. जडलेल्या सवयीचा जोर, चिंता, मनाची अपरिपक्वता यांमुळे दोष हलका होऊ शकतो, हे धर्मशिक्षण ग्रंथच 2352व्या परिच्छेदात हस्तमैथुनाविषयी बोलताना सांगतो.

दिवस मोजण्याबद्दलही मला हेच वाटतं. आजची अॅप शून्यापासून मोजतात. एकदा पडलं की सगळे दिवस पुसले जातात आणि माणूस म्हणतो, आता काय उरलं? इग्नातींची पद्धत वेगळी होती. ते रेषांवर ठिपके काढायला सांगत, प्रत्येक घसरणीला एक ठिपका, आणि मग सकाळची ओळ दुपारच्या ओळीशी, आजचा दिवस कालच्या दिवसाशी, हा आठवडा गेल्या आठवड्याशी ताडून पाहायला. सात ठिपके होते, आज चार आहेत. या पद्धतीत काहीही पुसलं जात नाही. शुचितेला वाढीचे नियम असतात आणि तिचे टप्पे अपूर्णतेचे, पुष्कळदा पापाचेही असतात, हे ग्रंथाच्या 2343व्या परिच्छेदातलं वाक्य त्या ठिपक्यांच्या शेजारी लिहून ठेवावं.

लग्नानं हे आपोआप थांबेल, अशी आशा घेऊन पुष्कळ जण वर्गात येतात. थांबत नाही. लग्न हे औषध नाही आणि बायको किंवा नवरा ही औषधाची बाटली नाही. ऑक्टोबर 1980 मध्ये जॉन पॉल दुसरे म्हणाले होते की पुरुष स्वतःच्या पत्नीकडेही वासनेची वस्तू म्हणून पाहू शकतो आणि तेही हृदयातला व्यभिचारच ठरतो. जगभर त्यावर गदारोळ उठला. वर्गातल्या मुली मात्र ते ऐकून गप्प होतात आणि मान हलवतात. जोडीदाराला लग्नाआधी सांगावं, असं आम्ही दोघं आग्रहानं म्हणतो. तपशील नकोत, पण लढा आहे आणि त्यात कुणाची मदत घेतो आहे, एवढं तरी. नंतर मोबाईलमध्ये सापडण्यापेक्षा ते फार बरं. तिला धक्का बसेल, आणि त्या धक्क्याला वेळ द्यायला हवा. मी पुरेशी नव्हते का, हा प्रश्न तिला छळणार, आणि त्याचं उत्तर तिनं नव्हे, त्यानं द्यायचं आहे. मात्र राखणदाराचं काम तिच्यावर टाकू नये. त्यासाठी मित्र असावा, भाऊ असावा, फादर असावेत. रोज संशयानं मोबाईल तपासणारी बायको आणि रोज तपासून घेणारा नवरा, यातून दोघांतलं प्रेम वाढलेलं मी पाहिलेलं नाही.

‘हे कधी पूर्ण संपतं का?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि तेव्हा मी ‘कन्फेशन्स’चा दहावा भाग उघडतो. बाप्तिस्म्याला दहा वर्षं होऊन गेलेली आहेत. ऑगस्टीन आता महागुरू, म्हणजे बिशप, आहे, चाळिशी ओलांडलेला, उत्तर आफ्रिकेत आणि त्यापलीकडेही नाव असलेला. तिथे तो देवाला उघड लिहितो की जुन्या सवयीनं कोरलेली चित्रं माझ्या स्मृतीत अजून जिवंत आहेत. जागेपणी ती दुबळी असतात, पण झोपेत येतात आणि माझी संमतीही मिळवतात. तू ही दुबळीक बरी करशील, अशी त्याची आशा आहे. आधी त्याच भागात त्यानं मागणं मागितलं आहे: तू जी आज्ञा देतोस ती पाळण्याचं बळ दे, आणि मग हवी ती आज्ञा दे. हे त्यानं वहीत लपवून ठेवलं नाही. आपल्याच लोकांना वाचायला दिलं, आणि त्यातल्या कितीतरी जणांना तो दर रविवारी प्रवचन देत होता.